परगाव नावाची कोठी

“पण बुवा, फाईल म्हणजे फाईल. कपाटात ठेवली, लागली तेव्हा काढली. इंटरनेट म्हणजे अख्खं जग! जगाला फाईल कसं म्हणायचं?”

बुवा पत्रावळींवर पाणी शिंपडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“म्हणून बघितलंस?”

“नुसतं म्हणून काय होणार?”

बुवा पुढच्या पत्रावळीकडे सरकले. उन्मेष खरवंडीकर त्यांच्यामागे सरकला. आपण बोलायला लागलो की समोरच्याने हातातलं काम ठेवून ऐकावं, अशी त्याला सवय होती. या मठात आल्यापासून ती सवय उपाशी होती.

मठ बालाघाटच्या एका टेकडीखाली होता. तिथले बुवा म्हणजे दिगंबर निटूरकर. भगवी वस्त्रं नाहीत, दाढी नाही, चमत्कार तर नाहीतच. एके काळी ते पुण्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. तेव्हा त्यांनी आणि त्यांचे मित्र गोविंदराव यांनी मिळून एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम बांधली होती. नाव ठेवलं होतं ओसरी.

ओसरीत सगळंच फाईल. कीबोर्ड फाईल, पडदा फाईल, स्पीकरसुद्धा फाईल. उघडा, वाचा, लिहा, मिटा. एवढं आलं की ओसरी आली. म्हातारपणी बुवा गावच्या मठात येऊन राहिले, तेव्हा गावाने त्यांचं नाव फायलीबुवा ठेवलं आणि बुवांनी ते आनंदाने लावून घेतलं. दारात पाहुणा दिसला की ते आत ओरडत, “फाईल आली रे, उघडा!”

उन्मेष परदेशात शिकून आलेला. मोठमोठ्या कंपन्यांनी त्याला मानाने बोलावलेलं, आणि ही गोष्ट तो पहिल्या चहाच्या आत सांगून मोकळा व्हायचा. पण पोरगा खोटा नव्हता. कॉलेजात असताना त्याच्या हाती ओसरी लागली होती आणि त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच होतं, फायलीबुवांचा शिष्य व्हायचं. ओसरी बांधली तेव्हा इंटरनेटचा पत्ता नव्हता. उन्मेषने ते ओसरीत आणायचा विडा उचलला होता, बरंचसं आणलंही होतं. इंटरनेटवरचं पान मागवायचा हुकूम वेगळा, कुलूप उघडायचा वेगळा, ओळख पटवायचा वेगळा. हुकूमच हुकूम.

“ज्या प्रोग्रामला इंटरनेट हवंय त्याने हे हुकूम शिकायचे,” तो म्हणाला. “सोपं आहे.”

“आणि ज्याला शिकता येत नाही त्याने?”

“त्याने मरायचं, बुवा. जुनं जातं, नवं येतं.”

घंटा झाली. पंगत बसली.

मठात दुपारची पंगत रोज असते. जो येईल त्याने बसावं. शिधा गावोगावचे लोक आणून देतात, जमेल तो, जमेल तेवढा. उन्मेषनेही पुण्याहून येताना आंबेमोहराची पिशवी आणली होती, निवडून, चार दुकानं पालथी घालून. भात पानात पडला. वाफ नाकाशी आली. उन्मेषला राहवलं नाही.

“बुवा, हा माझा आंबेमोहर ना?”

सगळी पंगत थबकली. अळीमिळी गुपचिळी. वाढणाऱ्याचा डाव हवेतच राहिला. शेजारी बसलेल्या कासाराने जीभ चावली.

पलीकडच्या पानावरून गोदाक्का हसली. म्हातारीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कुणाचं काय चुकलं ते सगळ्यांच्या आधी कळायचं.

“लेकरा, पानावर बसलेल्यानं शिधा कुनाचा ते इचारायचं न्हाई. अन् वाढनाऱ्यानं सांगायचं न्हाई. मागं एकदा दोन पाटलांच्या तांदळापायी भरली पंगत उठली व्हती. तवापासून हे असंच.”

“पण मला नुसतं कळायला हवं होतं…”

“जेव.”

उन्मेष जेवला. भात गोड होता, पण त्याचा असेल की नसेल या विचारात चव काही नीट लागली नाही.

गोदाक्का म्हणजे गोविंदरावांची बायको. गोविंदराव जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. जाण्याआधी त्यांनी ओसरीसाठी एक प्रोग्राम लिहिला होता, वाचक नावाचा. त्याला फायलीचं नाव सांगायचं, की तो ती मोठ्याने वाचून दाखवायचा. आवाज गोविंदरावांचा स्वतःचा. एकेक अक्षर त्यांनी मायक्रोफोनसमोर बसून भरलं होतं. ‘क्ष’ भरला त्या दिवशी त्यांना सर्दी होती, त्यामुळे क्षच्या आधी एक बारीकसा खोकला आला तो आलाच. अक्काची दृष्टी गेल्यापासून वाचक रोज तिला काही ना काही वाचून दाखवायचा. लक्ष्मी म्हणायची असली की मध्येच खोकायचा. अक्का हसायची.

आणि अक्काला नात होती. रेवा. गोविंदरावांच्या माघारी जन्मलेली. ती आता उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड बेटावर समुद्रपक्षी मोजायच्या कामाला गेली होती आणि तिथली हकिगत इंटरनेटवर लिहीत होती. गावातलं कुणी ना कुणी मोबाइलवर अक्काला ती वाचून दाखवायला तयार असायचं. अक्का नको म्हणायची.

“आज्याला नात बघाया मिळाली न्हाई,” ती म्हणायची. “निदान तिचं लिवलेलं तरी त्यास्नी वाचू द्या.”

म्हणून बुवांनी उन्मेषला एकच अट घातली होती. अक्काला नातीचं वाचून दाखव. मग स्वतःला शिष्य म्हण.

जेवणं झाल्यावर उन्मेष अक्काजवळ गेला. त्याच्या मते अट केव्हाच पुरी झाली होती.

“अक्का, तुमचा जुना वाचक काही इंटरनेट शिकणार नाही. त्यात बदल करायचा तर गोविंदरावांनी लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, पाहिजे. त्याच्या कागदांना वाळवी लागली, तो ज्या डिस्कवर होता ती गंजली. म्हणून मी नवा वाचक लिहून आणलाय. ऐका.”

लॅपटॉपमधून आवाज आला. गोड, गुळगुळीत, कुठल्याही गावचा नसलेला.

“बघा, शब्द कसे स्वच्छ. खोकला काढून टाकलाय.”

अक्काने लॅपटॉपकडून तोंड फिरवलं.

“मंग मानूसच काढला की, लेकरा.”

उन्मेषने लॅपटॉप मिटला. कंपन्यांनी त्याच्या कामाला नावं ठेवली नव्हती असं नाही, पण तेव्हा त्याला राग यायचा. आज राग आला नाही.

तो बुवांकडे गेला.

“जुन्या वाचकाला फाईल वाचण्याखेरीज काही येत नाही.”

“येत नाही.”

“इंटरनेट हा शब्दसुद्धा त्याला माहीत नाही.”

“नाही.”

“मग तो रेवाचं लिहिलेलं वाचणार कसं?”

बुवा अंगणात पडलेल्या पत्रावळी गोळा करत होते. एक त्यांनी उन्मेषच्या हातात दिली.

“तुला येतं तसं कर. पण त्याला हात लावायचा नाही.”

उन्मेष हुशार होता. उष्टी पत्रावळ हातात धरून तो उभा राहिला आणि उभ्या उभ्या त्याला सुचलं. वाचकाला फाईल लागते? देऊ फाईल! इंटरनेटचीच फाईल करू!

त्याने ओसरीत एक फोल्डर केला, त्याला नाव दिलं परगाव, आणि भरायला बसला. फोल्डर म्हटला की उघडल्यावर आत काय काय आहे ते दिसायला हवं. म्हणून रेवाचं पान आणलं. त्या पानावरून जिथे जिथे जाता येतं ती पानं आणली. त्या पानांवरून जिथे जाता येतं तीही आणली. पक्ष्यांवरून जहाजांवर, जहाजांवरून हवामानावर, हवामानावरून क्रिकेटवर. उन्मेष खुशीत होता. जग फोल्डरमध्ये येत होतं.

कलत्या उन्हात अक्का वाचकाकडून गोष्ट ऐकत बसली होती. वाचक म्हणाला, “गोपाळ गाई घे… घे… घे…”

आणि गप्प झाला.

डिस्क भरली होती. ओसरी जागच्या जागी गोठली होती.

“काय झालं?” अक्का उठून उभी राहिली. “का थांबले हे? अरं, कुनी तरी बघा की! गेले का हे?”

उन्मेष मशीनकडे धावला. वाचकाची दुसरी प्रत जगात नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं. बुवा आले. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि परगावमध्ये भरलेलं सगळं जग एका हुकमाने पुसून टाकलं.

“…घेऊन रानात निघाला,” वाचक म्हणाला.

अक्का मटकन खाली बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. उन्मेषने तिचे पाय धरले. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, जोराने घातला, आणि मग तिथेच हात फिरवला.

सकाळी उन्मेष पिशवी भरून बुवांपुढे उभा राहिला.

“येतो मी, बुवा. नाही जमत. जग फोल्डरमध्ये मावत नाही.”

“जा की,” बुवा म्हणाले. “जाता जाता कोठीतून मीठ आणून दे. आमटी खोळंबलीय.”

उन्मेष कोठीत गेला. कोठी म्हणजे एक लहान खोली, मागे एक खिडकी. फडताळं होती, डबे होते. त्याने एकेक डबा उघडला. रिकामा. रांजणात हात घातला. रिकामा. कालचं आज कोठीत ठेवायचं नाही असा मठाचा नेमच होता.

“बुवा, कोठीत मीठ नाही.”

“मग काय आहे?”

“काही नाही. सगळी रिकामी.”

बुवा आत आले. त्यांनी मागची खिडकी ढकलली. पलीकडे गावाची गल्ली होती. गावोगावचा शिधा तिथल्याच घरांत राहायचा. कोंबड्या होत्या, कुणीतरी भांडी घासत होतं.

“सुंदराबाई! मीठ!”

खिडकीतून एक हात आला. हातात वाटीभर मीठ.

“आता तू माग.”

“काय मागू?”

“तुझी खुशी.”

“…हळद,” उन्मेष चाचरत म्हणाला.

“मोठ्यानं. परगावाला ऐकू गेलं पाहिजे.”

“हळद!”

दुसरा हात आला. कागदाच्या पुडीत हळद. उन्मेषला हसू फुटायला लागलं.

“कोकम!” तो ओरडला. “गूळ! कढीपत्ता!”

हात येत राहिले. बांगड्यांचे, गोंदलेले, एक पोरीचा बुटका हात, त्यात कढीपत्त्याची काडी. “आन् पाहुन्याला चहा पायजे का?” गल्लीतून कुणीतरी विचारलं आणि बायका खिदळल्या.

“तर कोठीत काय काय आहे?” बुवांनी विचारलं.

“आत्ता म्हणालो ना, काही ना…”

उन्मेष थांबला. हातातल्या हळदीकडे त्याने पाहिलं. मग रिकाम्या डब्यांकडे. मग खिडकीकडे.

“मोज बरं,” बुवा म्हणाले.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पोरगा पिशवी तिथेच टाकून पळाला. हात धुवायचं भान नव्हतं. ओसरीचा कीबोर्ड त्या दिवशी पिवळा झाला तो आजतागायत पिवळाच आहे.

परगाव आता रिकामा राहणार होता. आत काय आहे असं कुणी विचारलं तर काही नाही. पण कुणी नाव घेऊन एखादी फाईल उघडायला गेलं, की तेवढ्यापुरती खिडकी उघडायची, हाक जायची, हवं ते यायचं. फाईल मिटली की ते नाहीसं. कुलपं, ओळखी, परवानग्या हे सगळे हुकूम कोठीच्या आतले. आलेल्या पानातले खडे, म्हणजे जाहिराती, चौकटी, रंगाच्या खुणा, हेही कोठीतच निवडून टाकायचे. पानात पडायचा तो फक्त भात.

उन्मेष स्वतःच्या ओळी पुसत सुटला. महिनोन् महिने खपून लिहिलेल्या. पुसताना जिवावर येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. उलट तो शीळ घालायला लागला. चहा घेऊन आलेल्या माणसाला त्याने ‘नको’ म्हणायच्या ऐवजी ‘मिटा’ म्हटलं.

घंटा झाली तेव्हा तो अंगणात आला. पंगत बसली होती. डोळे लाल, केस उभे, कपाळाला हळद.

“बुवा, झालं. म्हणजे, झालं असावं.”

बुवांनी वाढप्याच्या हातातला डाव काढून उन्मेषच्या हातात दिला आणि भाताचं पातेलं पुढे सरकवलं.

“आज तू वाढ.”

मग त्यांनी वाचकाचं मशीन अक्काच्या पानाशेजारी आणून ठेवलं.

“कोणती फाईल वाचू?” वाचकाने विचारलं. रोज विचारायचा तसंच, गोविंदरावांच्या आवाजात.

अक्काने चाचपडत कळा दाबल्या. परगाव. मग रेवा.

अंगणात पाणी प्यायचा आवाजही थांबला. कासाराने घास हातातच ठेवला. उन्मेषने डोळे मिटून घेतले. नाही झालं तर ओसरी पुन्हा गोठून हा आवाज कायमचा जाऊ शकत होता, आणि हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

“…आज्जी,” वाचक म्हणाला.

अक्काचा हात तोंडावर गेला.

“आज्जी, इथे सूर्य मावळायचं नावच घेत नाही. काल रात्री जेवून मी उन्हात कपडे वाळत घातले. आमचे हे प…”

बारीकसा खोकला.

“…क्षी एका जागी बसत नाहीत.”

“अहो, ताक नगं म्हनलं व्हतं ना तुम्हाला!” अक्का ओरडली आणि सगळी पंगत हसत सुटली. नात पक्षी मोजायला गेलेली, त्यामुळे दर ओळीला पक्षी आणि दर पक्ष्याला खोकला. लोकांना हसताना ठसका लागला. वाचक मात्र आपला वाचत होता. समोरची फाईल समुद्र ओलांडून आली आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

“एक पक्षी माझ्या टोपीवर येऊन बसला आणि गडबडीत मी त्यालाच मोजायचं विसरले. सगळं पुन्हा करावं लागणार. आजोबा असते तर म्हणाले असते, वेडे, पहिल्यापासून मोज.”

हसणं थांबलं. कसं कुणास ठाऊक, सगळ्यांचंच एकदम थांबलं.

अक्काच्या गालावरून पाणी ओघळत होतं. पण ती हसत होती, तोंडभरून हसत होती.

“म्हनले की,” ती म्हणाली. “आत्ताच म्हनले. ऐकलं न्हाई का तुम्ही?”

वाचक थांबला. फाईल मिटली. परगाव पुन्हा रिकामा झाला.

अक्काने डोळे पुसले आणि चेहरा फिरवत सगळ्या पंगतीला विचारलं, “एवढ्या लांबून हे आनलं कुनी रं?”

सगळ्यांनी उन्मेषकडे पाहिलं. उन्मेषने तोंड उघडलं. एवढ्यासाठी तर तो आला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी अगदी नेमका प्रश्न विचारला होता…

त्याने डाव पातेल्यात घातला.

“अक्का, भात वाढू?”

“वाढ की,” अक्का म्हणाली. “लई भूक लागलीया.”

त्याने वाढला. वाफ वर आली, तिचा वास अंगणभर झाला. तो पुढच्या पानाकडे निघाला, तेव्हा बुवा त्याच्या मागून आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं त्याच्या कानाशी म्हणाले,

“सावकाश वाढ. आजचा भात तुझा आहे.”